उपेक्षित धन्वंतरी : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात १९२० च्या दशकात एक भारतीय तरुण रात्रपाळीला वॉर्डबॉयचे काम करीत असे. रुग्णांचे बेडपॅन उचलायचे, धुवायचे, पुन्हा जागच्या जागी ठेवायचे, असे त्या नोकरीचे स्वरूप होते. दिवसा तो हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत शिकत आणि प्रयोग करीत असे. तो स्वतः मद्रासहून वैद्यकीय शिक्षण पुरे करून आलेला डॉक्टर होता. परंतु त्याच्याजवळच्या पात्रतेला अमेरिकेत रुग्ण तपासण्याची मुभा नव्हती, आणि मुभा नाही म्हणून रुग्णालयात डॉक्टरचे वेतनही नव्हते. या तरुणाचे नाव येल्लाप्रगडा सुब्बाराव.

गरोदर स्त्रियांना दिली जाणारी फोलिक अॅसिडची गोळी, कर्करोगात आणि संधिवातात वापरले जाणारे मेथोट्रेक्सेट, हत्तीरोगावरील डायइथाइलकार्बामेझिन आणि टेट्रासायक्लीन कुळातील पहिले प्रतिजैविक ही चारही औषधे ज्यांच्या मार्गदर्शनाखाली जगाला मिळाली, ते हेच सुब्बाराव. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव एका रासायनिक चाचणीपुरते भेटते. सामान्य वाचकाला बहुधा तेवढेही भेटत नाही. या विस्मरणाचे मूळ त्यांच्या शिक्षणानंतरच्या वीस वर्षांत शोधावे लागते. डॉक्टर होऊनही दवाखाना न थाटता संशोधनाची वाट धरणाऱ्याला त्या काळात कोणकोणते दरवाजे बंद सापडत, याचा हा आलेख आहे.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे झाला. त्या वेळी हा भाग मद्रास इलाख्यात मोडत असे. वडील महसूल खात्यात होते. पण आजारपणामुळे त्यांना नोकरी लवकर सोडावी लागली आणि घरात ओढगस्त आली. शाळेत या मुलाचे लक्ष नव्हते. यात्रेकरूंना केळी विकून श्रीमंत व्हावे म्हणून तो काशीला पळून निघाला होता आणि आईने त्याला वाटेतूनच परत आणले, अशी आठवण त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. आई वेंकम्मा करारी स्वभावाची होती. तिने दागिने विकले, पण मुलाची शाळा सुटू दिली नाही. मॅट्रिकची परीक्षा तो तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला.

पुढे मद्रासला आल्यावर त्यांचा ओढा रामकृष्ण मिशनकडे वळला. संन्यास घ्यावा, असे मनात होते. आईने परवानगी नाकारली आणि मिशनमधील वडीलधाऱ्यांनी वैद्यक शिकून सेवा करावी, असा सल्ला दिला. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश तर मिळाला, पण शुल्काचा प्रश्न मित्रांच्या आणि कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती या गृहस्थांच्या मदतीने सुटला. या मूर्तींची कन्या शेषगिरी हिच्याशी १९१९ मध्ये त्यांचा विवाह झाला.

महाविद्यालयात असतानाच गांधीजींच्या विलायती मालावरील बहिष्काराची हाक आली. शस्त्रक्रियागृहात घालायचा डगलाही सुब्बाराव खादीचा घालू लागले. शल्यचिकित्सेचे इंग्रज प्राध्यापक ब्रॅडफील्ड यांना हे रुचले नाही. लेखी परीक्षेत चांगली कामगिरी होऊनही सुब्बाराव यांच्या हाती पूर्ण एम.बी.बी.एस. पदवी न पडता एल.एम.एस. ही दुय्यम पात्रता पडली. एका डगल्याची ही किंमत त्यांना आयुष्यभर मोजावी लागली. मद्रासच्या वैद्यकीय सेवेत त्यांना जागा मिळाली नाही. बोस्टनमध्ये हाती बेडपॅन आले, तेही याच कागदामुळे.

सरकारी दार बंद झाल्यावर त्यांनी मद्रासमध्येच डॉ. लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्राचे अध्यापन पत्करले. आधुनिक वैद्यक शिकलेल्या तरुणाच्या दृष्टीने ही माघारच होती. सुब्बाराव यांनी ती तशी मानली नाही. त्यांचे दोन भाऊ ऐन तारुण्यात थोड्या दिवसांच्या अंतराने संग्रहणीने दगावले होते. खुद्द त्यांनाही हा आजार जडला, तेव्हा डॉ. लक्ष्मीपतींच्याच उपचाराने ते बरे झाले. या औषधांमध्ये नेमके काय आहे, हे रसायनशास्त्राच्या कसोटीवर तपासले पाहिजे, हा विचार येथे रुजला. भावांचा बळी घेणाऱ्या संग्रहणीचा विचार त्यांच्या मनातून पुढे कधीच गेला नाही.

रॉकफेलर प्रतिष्ठानच्या कामासाठी मद्रासला आलेल्या एका अमेरिकन डॉक्टरच्या भेटीतून अमेरिकेची वाट दिसली. काकिनाड्याच्या मल्लाडी सत्यलिंगम नायकर धर्मादाय संस्थेने आणि सासऱ्यांनी पैशांची तजवीज केली. गरोदर पत्नीला तीन वर्षांत परत येण्याचे वचन देऊन सत्ताविशी ओलांडलेला हा डॉक्टर जहाजात बसला. मागे मुलगा जन्मला आणि वर्षाचा होण्याआधीच गेला. बापाने त्याचे तोंडही पाहिले नव्हते.

हार्वर्डमध्ये उष्णकटिबंधीय रोगांच्या विभागाचे प्रमुख रिचर्ड स्ट्राँग यांनी या विद्यार्थ्याला सांभाळून घेतले. पदविका मिळाली, पण तिचा उपयोग करायला रुग्ण हवेत आणि रुग्णांना हात लावायला परवाना हवा. तो नव्हता. त्यामुळे सुब्बाराव जीवरसायनशास्त्राकडे वळले. ओटो फोलिन या विभागाचे प्रमुख होते आणि सायरस फिस्क हे तेथील एक अध्यापक. फिस्क यांच्या हाताखाली सुब्बाराव यांना काम मिळाले.

रक्तातील आणि लघवीतील फॉस्फरस मोजण्याची सोपी, खात्रीशीर पद्धत त्या वेळी उपलब्ध नव्हती. या दोघांनी मॉलिब्डेटच्या साहाय्याने द्रावणाला निळा रंग आणून त्या रंगाच्या गडदपणावरून फॉस्फरसचे प्रमाण काढण्याची रीत बसवली. १९२५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जीवरसायनशास्त्राच्या इतिहासात ज्या निबंधांचा सर्वाधिक वेळा संदर्भ दिला गेला, त्यांत या निबंधाची गणना होते. फिस्क-सुब्बाराव पद्धत हे तिचे नाव पाठ्यपुस्तकांत आजही छापले जाते.

याच चाचणीने त्यांना पुढचा शोध दाखवला. स्नायूंच्या अर्कात निळा रंग अपेक्षेपेक्षा सावकाश चढत होता. एखाद्याने रसायनांत खोट आहे म्हणून ते नमुने फेकून दिले असते. या दोघांना मात्र शंका आली की, स्नायूंत फॉस्फरसचे एखादे कच्चे संयुग असावे आणि चाचणी चालू असतानाच ते हळूहळू मोडत असावे. ते संयुग म्हणजे फॉस्फोक्रिएटिन. १९२७ मध्ये हा शोध जाहीर झाला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एगलटन दाम्पत्यही स्वतंत्रपणे तेथवर पोचले होते. स्नायूंचे आकुंचन लॅक्टिक आम्लाशी जोडणाऱ्या हिल आणि मायरहॉफ यांना १९२२ चे नोबेल मिळाले होते. त्या सिद्धांताची फेरतपासणी आता अटळ झाली.

१९२९ मध्ये फिस्क आणि सुब्बाराव यांनी एटीपी हे संयुगही वेगळे केले. पेशींतील ऊर्जेचे चलन म्हणून शाळकरी मुलेही आता ज्याचे नाव घेतात, तो हा पदार्थ. मात्र जर्मनीत कार्ल लोमान यांनी त्याच वर्षी, थोडे आधी, तो प्रसिद्ध केला आणि श्रेयाचा मोठा वाटा तिकडे गेला.

१९३० मध्ये सुब्बाराव यांना हार्वर्डची पीएच.डी. मिळाली. वय पस्तीस. दोन खंडांतले शिक्षण, दोन मोठे शोध, एक जगभर वापरली जाणारी चाचणी, एवढे पदरी असताना पुढची पायरी सहज मिळावी, असे कोणालाही वाटेल. ती मिळाली नाही. पुढील दहा वर्षे ते साहाय्यकाच्या आणि कनिष्ठ अध्यापकाच्या जागांवर राहिले आणि कायमस्वरूपी प्राध्यापकपद त्यांना अखेरपर्यंत नाकारले गेले.

असे का झाले? वंशभेद हे उत्तर चटकन सुचते, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. भारतीयांना अमेरिकेचे नागरिक होता येणार नाही, असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये दिला होता. तो अडसर १९४६ च्या कायद्याने दूर झाला. सुब्बाराव मरेपर्यंत परदेशीच राहिले. पण तेवढ्याने सारे उलगडत नाही. वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकाचे अर्धे बळ रुग्णालयात असते. तेथून वेतन येते, रुग्ण येतात, वजन वाढते. परवाना नसलेल्या डॉक्टरला हे बळ नव्हते. ते रसायनशास्त्रज्ञांत डॉक्टर होते आणि डॉक्टरांत रसायनशास्त्रज्ञ.

दुसरी गोष्ट श्रेयाची. जोडीच्या शोधात कनिष्ठाचा वाटा किती, हे ज्येष्ठाच्या शब्दावर ठरते. सुब्बाराव यांनी फिस्क यांच्या बढतीच्या आड आपला दावा येऊ दिला नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. फिस्क यांच्याच प्रयोगशाळेत घडलेले आणि १९८८ मध्ये नोबेल मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज यांनी पुढे आणखी स्पष्ट विधान केले. सुब्बाराव यांनी वेगळी काढलेली काही न्यूक्लिओटाइड द्रव्ये नंतर इतरांना नव्याने शोधावी लागली, कारण फिस्क यांनी बहुधा मत्सरापोटी ते काम बाहेर येऊ दिले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. एका सहकाऱ्याची ही साक्ष आहे. तिला न्यायनिवाड्याचे वजन देऊ नये, परंतु दुर्लक्षही करता येत नाही.

तिसरे कारण खुद्द सुब्बाराव यांच्या स्वभावात होते. सभा, सत्कार, वार्ताहर यांपासून ते दूर राहत. आपल्या कामाची वाच्यता त्यांनी केली नाही आणि करावी असे त्यांना वाटलेही नाही. संन्यास घेऊ पाहणाऱ्या मुलाला हे शोभून दिसते, पण प्राध्यापकपदाच्या निवड समितीपुढे असल्या वृत्तीचा उपयोग होत नाही. त्यांच्यावर अन्याय झाला हे खरे मानले, तरी त्या अन्यायाला त्यांच्या मौनाची साथ होती, हेही नोंदवायला हवे.

या दशकात त्यांचे काम थांबले नव्हते. प्राण्यांच्या यकृताचा अर्क दिल्यावर एका घातक पंडुरोगाचे रुग्ण बरे होतात, हे मिनो आणि मर्फी यांनी दाखवले होते आणि १९३४ चे नोबेल त्यांना मिळाले होते. त्या अर्कातील नेमके गुणकारी द्रव्य कोणते, याचा माग सुब्बाराव बोस्टनमध्ये काढत राहिले. ते द्रव्य त्यांच्या हाती लागले नाही. मात्र यकृतातून जीवनसत्त्वे वेगळी करण्याचा जो हातखंडा तयार झाला, तो लवकरच कामी आला.

१९४० मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी हार्वर्ड सोडले आणि न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेत प्रवेश केला. अमेरिकन सायनामिड या रसायन कंपनीची ती औषध शाखा. विद्यापीठ सोडून कंपनीत जाणे त्या काळी विद्वानांच्या जगात खालच्या पायरीवर उतरणे समजले जाई. सुब्बाराव यांना मात्र तेथे प्रथमच माणसे, पैसा आणि मोकळीक मिळाली. संशोधनाचे संचालकपदही त्यांच्याकडे आले. हार्वर्डमध्ये सुमारे सतरा वर्षे घालवलेल्या या माणसाची आज आठवली जाणारी चारही औषधे लेडर्लीतील आठ वर्षांत निघाली.

पहिल्या औषधाची कथा मुंबईशी जोडलेली आहे. ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गिरणगावातील गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास केला. यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा स्वस्त अर्क दिला की या स्त्रियांचे रक्त सुधारते, असे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. त्या अज्ञात द्रव्याला विल्स फॅक्टर म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी चार टन पालकाच्या भाजीतून एक द्रव्य काढून त्याला पानावरून फोलिक अॅसिड असे नाव दिले. हे द्रव्य औषध म्हणून द्यायचे, तर असे टनावारी पाला उकळत बसून भागणार नव्हते. ते कारखान्यात तयार व्हायला हवे होते.

सुब्बाराव यांनी उभ्या केलेल्या चमूने १९४५ मध्ये ते साधले. त्या निबंधाच्या सोळा लेखकांच्या यादीत संचालकांचे नाव कुठेतरी मधे आहे. हे कृत्रिम फोलिक अॅसिड टॉम स्पाइस या डॉक्टरांनी पंडुरोगाच्या आणि संग्रहणीच्या रुग्णांना दिले आणि गुण आला. भाऊ गेल्यानंतर इतक्या वर्षांनी संग्रहणीवरचे औषध त्यांच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडले होते.

याच फोलिक अॅसिडमधून पुढचे औषध अनपेक्षितपणे निघाले. बोस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ ल्युकेमियाने दगावणारी मुले रोज पाहत होते. फोलिक अॅसिडशी संबंधित द्रव्ये दिल्यावर या मुलांचा आजार उलट भडकतो, असे त्यांच्या ध्यानात आले. मग त्याच्या विरोधी द्रव्याने आजार आटोक्यात येईल का? त्यांनी सुब्बाराव यांच्याकडे मागणी केली. लेडर्लीत फोलिक अॅसिडसारखेच दिसणारे, पण पेशींना फसवून त्याचे काम अडवणारे रेणू तयार होऊ लागले होते. १९४७ च्या अखेरीस त्यांतले अमिनोप्टेरिन बोस्टनला पोचले. सोळा मुलांपैकी दहा मुलांत सुधारणा दिसली. काही महिन्यांनी आजार उलटला, मुले वाचली नाहीत. पण औषधाने ल्युकेमिया तात्पुरता का होईना हटतो, हे वैद्यकाने पहिल्यांदाच पाहिले. जून १९४८ मध्ये फार्बर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. फार्बर यांचे रुग्णालय हार्वर्डच्या त्याच वैद्यकीय महाविद्यालयाच्या शेजारी होते, जेथे सुब्बाराव यांना जागा मिळाली नव्हती.

अमिनोप्टेरिनचे भावंड असलेले मेथोट्रेक्सेट पुढे अधिक रुळले. संधिवातासाठी ते आज सर्रास दिले जाते. डोके आणि मानेच्या वाढलेल्या कर्करोगात मेथोट्रेक्सेटच्या स्वस्त गोळ्या आणि सेलेकॉक्सिब यांचा एकत्रित उपचार शिरेतून द्यायच्या महागड्या औषधाच्या तुलनेत कसा ठरतो, याचा अभ्यास मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने केला. त्याचे अनुकूल निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

हत्तीरोगाचे औषध युद्धाच्या निकडीतून आले. पॅसिफिकमधील बेटांवर लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांना या रोगाची लागण होत होती. १९४७ मध्ये लेडर्लीने डायइथाइलकार्बामेझिन पुढे आणले. विदर्भातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊन ज्या गोळ्या खाऊ घालत आले आहेत, त्यांत मुख्य गोळी हीच आहे.

चौथे औषध ऑरिओमायसिन. बेंजामिन डगर हे निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ सत्तरी ओलांडल्यावर लेडर्लीत आले होते. मिसुरीतील एका शेताच्या मातीत १९४५ मध्ये त्यांना सोनेरी छटेचा एक सूक्ष्मजीव सापडला. त्यापासून बनलेल्या प्रतिजैविकाची घोषणा जुलै १९४८ मध्ये झाली. पेनिसिलिनला दाद न देणारे कितीतरी रोग त्याने हटवता येऊ लागले. १९९४ मध्ये बीड आणि सुरत येथे प्लेगची भीती पसरली, तेव्हा ज्या टेट्रासायक्लीनसाठी औषधांच्या दुकानांपुढे गर्दी झाली, ते याच कुळातले. विद्यापीठाने वय, पदवी आणि परवाना पाहून ज्याला बाहेर ठेवले, त्या माणसाने सत्तरीच्या निवृत्ताला मात्र काम दिले होते, याकडे सहसा लक्ष जात नाही.

ऑरिओमायसिनच्या घोषणेनंतर काही आठवड्यांतच, ऑगस्ट १९४८ मध्ये, पर्ल रिव्हर येथील घरी झोपेतच हृदयविकाराने सुब्बाराव यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न. भारत स्वतंत्र होऊन वर्ष होत आले होते. ज्या देशात परतण्याचे त्यांनी वचन दिले होते, तेथे ते एकदाही परतले नाहीत. तीन वर्षांची मुदत पंचवीस वर्षांवर गेली. पत्नीशी पुन्हा भेट झाली नाही. सुरुवातीला पैसे नव्हते, मग नोकरी पक्की नव्हती, मग युद्ध आले, मग काम संपेना. प्रत्येक टप्प्यावर कारण खरे होते. तरीही शेषगिरीबाईंनी या औषधांसाठी काय दिले, याचा उल्लेख त्यांच्या गौरवलेखांत एका ओळीपलीकडे क्वचितच जातो.

डॉक्टर होऊन प्रयोगशाळेत राहू पाहणाऱ्यांची वाट त्यानंतरही फारशी रुंद झालेली नाही. अमेरिकेत अशा डॉक्टरांना स्वतःच्या नावावर पहिले मोठे सरकारी अनुदान मिळेपर्यंत बहुधा चाळिशी उलटते, आणि तोवर बरोबरीचे मित्र रुग्णसेवेत स्थिरावलेले असतात. सुब्बाराव यांची चाळिशी मोठे पद मिळण्याच्या आधीच उलटली होती.

भारतीय टपाल खात्याने १९९५ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त तिकीट काढले. त्याच्या बऱ्याच आधी, १९५३ मध्ये, लेडर्लीतील त्यांचे एक सहकारी हेसेल्टाइन यांना सांडपाणी शुद्ध करणाऱ्या गाळणीत एक नवी बुरशी आढळली होती. तिच्या प्रजातीला त्यांनी सुब्बारोमायसिस असे नाव दिले.